हद्दीपलीकडचा धूर

४ मार्च, मंगळवार

ही वही ताईने दिली त्याला बरेच दिवस झाले. तेव्हापासून मी तिच्यावर चहाचा कप ठेवला, मागच्या पानाला ब्रश पुसला, एकदा या वहीनेच डासही मारला. लिहिलं मात्र काही नाही. उद्या लिहू, परवा लिहू. आज जेवताना ताई म्हणाली, "माझ्या डोक्यावर ओरडायचं असेल तर आधी त्या वहीवर ओरडून ये." म्हणून बसलोय.

ताई मला भिंगरी म्हणते, कारण मी एका जागी टिकत नाही. शाळेतही टिकलो नाही. पाट्या रंगवतो. दुकानांच्या, ट्रकच्या, बोटींच्या. एके ठिकाणी तर नुसते रस्त्याकडेचे अंतराचे दगड रंगवत हिंडलो. ते वाटतं तेवढं सोपं नसतं, गाड्यांची धूळ ओल्या रंगावर बसते आणि आठचा तीन दिसायला लागतो. असो. ताईकडे दोन दिवसांसाठी आलो होतो. काम मिळालं म्हणून राहिलो.

काम म्हणजे बंद पडलेल्या काच कारखान्याची रस्त्याकडची लांबलचक भिंत. तिच्यावर एक आलेख काढायचा. काम देणारे प्रदेश विकास कार्यालयाचे साहेब. ते प्रत्येक वाक्यात टक्का घालतात, म्हणून मी त्यांना टक्केसाहेब म्हणतो. अर्थात मनात. परांचीखाली उभं राहून त्यांनी मला समजावलं, "ही सोनेरी रेघ म्हणजे आपल्या प्रदेशाची कमाई. ही हिरवी म्हणजे आपला धूर. इथपर्यंत दोघी जोडीने वर गेल्या. कमाई वाढली की धूर वाढायचाच. आता इथून पुढे बघ. कमाई वर, धूर खाली. दोघींची फारकत. भल्याभल्यांना जमलं नाही ते आपण करून दाखवलं."

मी म्हटलं, "धूर गेला कुठे?"

"कमी झाला. चाळीस टक्के."

"तिकडे दिसतोय तो कोणाचा मग?" मी वरून बोट दाखवलं. नदीच्या पलीकडे एका पत्र्याच्या छपरातून काळ्या धुराचा लोट वर चढत होता. परांचीवरून तर अगदी स्वच्छ दिसतो. म्हणजे धूरच, पण स्वच्छ दिसतो.

साहेबांनी मान वळवलीच नाही. "ती आपली हद्द नाही," म्हणाले, आणि सोनेरी रेघ जरा जाड ठेवायला सांगून गेले.

मला राग आला तो इथे. ती भट्टी याच कारखान्यातली. माझे भाऊजी, ताईचा नवरा, आधी इथे तिच्यावर होते आणि आता तिथे आहेत. भट्टी पूल ओलांडून गेली, तिच्या मागे माणूस गेला, त्याचा धूर गेला. आणि मी इकडे भिंतीवर लिहायचं की धूर कमी झाला. ताईला विचारलं, तुला राग येत नाही का. ती म्हणाली, "मला डबा भरायचाय."

६ मार्च, गुरुवार

सोनेरी म्हणून जो रंग पाठवलाय तो सोनेरी नाही. ओल्या पुठ्ठ्याचा रंग आहे. दोन डबे उघडले, दोन्ही तसेच. दुकानात परत करायला गेलो तर तिथे एक जुना सायकलवाला भेटला, त्याच्या सायकलला मागे घंटा होती. मागे का, म्हणून विचारण्यात अर्धी सकाळ गेली. (मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून. पटलं नाही.)

दुपारी रखवालदारकाकांबरोबर चहा घेतला. कारखान्यात राखण्यासारखं काही उरलेलं नाही, पण काका उरलेत. त्यांनी भट्टी कशी विझवली ते सांगितलं. ते ऐकल्यापासून डोकं ताळ्यावर नाही.

काचेची भट्टी कधी विझवत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. ती वर्षानुवर्षं रात्रंदिवस पेटती ठेवतात. खायला देणं थांबलं आणि ती एकदम गार झाली, की आतली काच दगडासारखी बसते आणि विटा तडकतात. मग ती कामातून जाते. दोन वर्षांपूर्वी मालक आणि टक्केसाहेबांचं कार्यालय एका टेबलाशी बसलं आणि कामगारांना सांगितलं, ही जुनी भट्टी फार धूर करते, ती बंद करू, याच जागी विजेची बसवू. कामगार हो म्हणाले. नाही कशाला म्हणतील?

आता बाकी कोणी असता तर आग बंद करून घरी गेला असता. तडकेना का, जुनीच तर आहे. पण मुख्य भट्टीवाले आमचे भाऊजी. त्यांनी आतली काच उपसून काढली आणि आजारी पोराचा ताप उतरवावा तशी भट्टी हळूहळू उतरवली. थोडी आग कमी, मग थांबायचं, मग आणखी थोडी. तिथेच झोपले. वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून कोणाला दारसुद्धा आपटू दिलं नाही. भट्टी गार झाली तेव्हा एका विटेला तडा नव्हता. सगळे बघायला आले, फोटो काढले. मग भाऊजींनी खडूने विटांवर आकडे घातले. नव्या भट्टीच्या पायाला लागल्या तर उचलायला सोप्या जातील म्हणून.

"आणि मग ट्रक आले," काका म्हणाले. "आम्हाला वाटलं, विजेची भट्टी आली. पळत पळत फाटक उघडलं मी. तर ट्रक रिकामे. रिकामे आले आणि भरून गेले."

विटा पुलापलीकडे गेल्या आणि आकड्यांप्रमाणे परत उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "तडकल्या असत्या तर?"

"तर नवी घ्यावी लागली असती. आणि नवी म्हटली की विजेचीच, दुसऱ्या कशाला परवानगीच नव्हती."

म्हणजे भाऊजींनी जरा हयगय केली असती तर आज विजेची भट्टी इथे असती आणि ते घरी असते. एवढं चांगलं काम कोणी करतं का? कोणासाठी?

९ मार्च, रविवार

भाऊजी आले होते. रविवारी काचेच्या ट्रकबरोबर येतात, संध्याकाळच्या ट्रकने जातात.

मी जिन्यात त्यांना आणायला गेलो. ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर. भाऊजी प्रत्येक मजल्यावर उभे राहून कठड्यावरून हात फिरवत होते. "हा कठडा चांगला केलाय," म्हणाले. गंजलेला लोखंडी कठडा. काय चांगलं त्यात? दुसऱ्या मजल्यावर तर एवढा वेळ बघत राहिले की मी वर निघून गेलो. या माणसाला कशातही चांगलंच दिसतं, तिथेच घोडं पेंड खातं.

"काय मेहुणे, भिंत कुठवर आली?" त्यांनी बसल्यावर विचारलं. तेही बऱ्याच वेळाने.

"बघितली नाहीत? पुलावरून येताना समोरच लागते."

"मी मागच्या गल्लीने आलो. तिकडे ऊन कमी."

सकाळी आठला कसलं ऊन.

ताईने त्यांचा शर्ट पाण्यात टाकला. पाणी शाईसारखं झालं. ते बादलीभर पाणी ती मोरीत ओतायची आणि परत नवं घ्यायची. मी बघत होतो आणि मला ते टक्के आठवत होते. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ती भट्टी तडकवली का नाही?"

ताईने मोरीतून नुसतं माझ्याकडे बघितलं.

भाऊजी म्हणाले, "तसं कसं करतात ते मला माहीत नाही."

"त्यात काय माहीत असायचंय? सोडून द्यायची."

"तेच म्हणतो मी. सोडून कशी देतात ते माहीत नाही." आणि हसले. मग हसता हसता खोकले, आणि खोकला थांबेना म्हणून खिडकीत जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "तुमच्यामुळे मालकाचं फावलं. साहेबांचंही फावलं. तुम्ही तिकडे काळे होता आणि मी इकडे हिरवी रेघ ओढतो."

"तुझं काम चांगलं आहे," ते म्हणाले. "रेघ सरळ येते का?"

अशा माणसाशी भांडायचं कसं? उशीला बुक्के मारल्यासारखं होतं. ते गेल्यावर ताई म्हणाली, "झालं तुझं समाधान?" नाही झालं.

१३ मार्च, गुरुवार

आज मोजणीबाई भेटल्या. साहेबांच्याच कार्यालयातल्या, हवा मोजतात. एक पेटी घेऊन गावभर फिरतात, पेटीतून नळी बाहेर आलेली असते. मला वाटलं वाद्य आहे. वाजवून दाखवा म्हटलं, तर खूप हसल्या. मग म्हणाल्या, "पेंटर, या दोन रेघा खरंच वेगळ्या होतात, माहितीये?"

"मला सांगू नका. मीच काढतोय ना खोट्या."

"चेष्टा नाही करत. भट्टी विजेची, वीज टेकडीवरच्या पवनचक्क्यांची. काच तीच, माणसं तीच. कमाई वर आणि धूर खाली, नदीच्या दोन्ही बाजूंना. आराखडा तयार होता, मीच तपासला होता. होण्यासारखं होतं सगळं."

"मग?"

"मग कोणाच्या तरी लक्षात आलं की भट्टी बदलण्यापेक्षा जागा बदलणं सोपं. इकडे बाटल्या घासायच्या, छापायच्या, भरायच्या. ती कमाई आपली. वितळवायचं तिकडे. तो धूर त्यांचा. वर तिकडे कोणी विचारत नाही, म्हणून भट्टीत आता टायर जाळतात, जुनं तेल जाळतात."

मला हे अंदाजाने माहीत होतं. तरी होण्यासारखं होतं हे ऐकून जास्त चीड आली. अशक्य असतं तर म्हटलं असतं जाऊ दे. सगळं कागदावर तयार होतं आणि यांनी ते बाजूला सारून पाट्या रंगवायला माणूस बोलावला.

बाई म्हणाल्या, "मी तिकडचंही मोजते. साहेब म्हणतात, मोजा, पण बोलू नका." मग माझ्याकडे खडू मागितला, परांचीवर चढल्या आणि हिरवी रेघ जिथून खाली वळते तिथून एक रेघ वर काढली. ती सोनेरीच्या खालून निघाली आणि शेवटी तिच्याही वर गेली. "हा नदीपलीकडचा धूर. इकडचा जेवढा कमी झाला त्याच्यापेक्षा तिकडचा जास्त वाढला. नंतर पुसून टाक," म्हणाल्या. उतरल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी काही दूधखुळा नाही. बाई माणूस असं कधी बघतं ते मला कळतं. संध्याकाळी केस कापून आलो.

१५ मार्च, शनिवार

मोजणीबाई परत आल्या. मी नवा शर्ट घातला होता. त्यांनी भिंतीकडे बघितलं. "खडूची रेघ पुसलीस?" म्हटलं, अजून नाही. "बरं," म्हणाल्या आणि हसल्या.

जमतंय.

१६ मार्च, रविवार

भाऊजी आले नाहीत. काचेच्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांची मळक्या कपड्यांची पिशवी तेवढी देऊन गेला. "पुढच्या रविवारी येतो म्हणाले. काम आहे." मागच्या रविवारी कामं नव्हती का? मी ताईला म्हटलं, तिकडे बरं बस्तान बसलेलं दिसतंय यांचं. एखादी बघितली असेल. ताई आधी हसली. मग हसायची थांबली आणि पिशवीतला एकेक शर्ट उलटा करून गळ्यापाशी बघायला लागली. संशय तिलाही असणारच. बराच वेळ एका रुमालाकडे बघत होती. मी विचारलं काय आहे, तर मुठीत दाबून म्हणाली, "काही नाही. काजळी."

मग म्हणाली, "उद्या ड्रायव्हरबरोबर जाऊन बघून येतोस?"

१८ मार्च, मंगळवार

काल गेलो होतो. काल लिहिता आलं नाही. रागाने.

पूल ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ड्रायव्हरने मला त्याच्या सगळ्या मेव्हण्यांच्या भानगडी सांगितल्या. मला त्या ऐकायच्या होत्या, पण पूल संपला. तिकडे सगळ्या घरांच्या खिडक्या बंद, तेही भर दिवसा. चहा टाकणारी मावशी कप द्यायच्या आधी आतून पुसायची. "तुम्ही भिंतीवर चित्रं काढता म्हणे," ती म्हणाली. "आम्ही भिंती पुसतो." मी विचारलं, भट्टी आल्याने इथल्या लोकांना कामं मिळाली का. "मिळाली की. काम पण आलं, धूर पण आला. दोन्ही न विचारता आलं."

भट्टी नुसत्या पत्र्याखाली आहे. इकडे उंच धुराडं होतं, तिकडे एक बुटकं नळकांडं, निघालेला धूर वर जायच्या आत खाली उतरतो. माणसं पाळीपाळीने टायरचे तुकडे आत टाकतात. एका पाळीने हात थांबवला की दुसरी पुढे होते. विटांवर भाऊजींच्या अक्षरातले खडूचे आकडे अजून वाचता येतात. चारचा आकडा सुंदर काढतात ते, वरून उघडा.

भाऊजी एका उलट्या खोक्यावर बसून हाताने खुणा करत होते. हे त्यांचं काम. बाकीचे राबतात, हे बसून. मला बघून उठले नाहीत. "मेहुणे, बस इथे," म्हणाले, आणि मग नुसते हसत राहिले. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मला वाटलं, विचार करून बोलतायत.

"तडा नाही गेला अजून," ते म्हणाले. "एवढी हलवली तरी."

मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, तडा नाही गेला याचं कौतुक कोणाला सांगता, या गावातल्या बायका कप पुसून चहा देतात. तुमच्या त्या न तडकलेल्या विटांनी दोन गावं खाल्ली. तुम्ही चांगले कामगार आहात म्हणून हे झालं. वाईट असता तर बरं झालं असतं.

टायर टाकणारे थांबले. भाऊजींनी त्यांना हाताने खूण केली, चालू द्या. मग मला म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

एवढंच. त्यांनी मला एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

येताना ड्रायव्हर मेव्हण्यांबद्दल काही बोलला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ताईशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, ती खडूची रेघ मी काळ्या रंगाने पक्की करणार. गुरुवारी समारंभ आहे, बाहेरचे पाहुणे येणार, त्यांना दिसू दे.

ताई नवीन शेडमध्ये बाटल्यांवर नावं छापते. तिकडून आलेल्या बाटल्यांवर. पाळीवरून नुकतीच आली होती, निळी टोपी डोक्यावरच होती. ती काढायच्या आधी बोलायला लागली.

"तू रेघ काढशील आणि पिशवी उचलून चालता होशील. भिंगरीला काय, फिरली की फिरली. साहेबांसमोर उद्या मी उभी राहणार. त्या सोनेरी रेघेत माझी पाळी आहे, कळतं का? मला आयुष्यात पहिल्यांदा माझं काम मिळालंय. माझ्या नावावर. खोटी असेल तुझी भिंत, माझं काम खोटं नाही."

"आणि भाऊजी? त्यांचं काय?"

"त्यांचं मला विचारतोस? तू तिकडे जाऊन चार माणसांत काय बोललास ते ड्रायव्हरने सांगितलंय मला."

मग तिने टोपी काढली आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "दिसले कसे?"

"चांगले दिसले. बसून होते."

"उठले नाहीत?"

"नाही. मी गेलो तरी बसूनच. बोलतानाही मध्ये मध्ये थांबत होते. साहेबांसारखा रुबाब आलाय."

ताई उठली. तिने भांडी घासायला घेतली, घासलेलीच परत घासली. मला वाटलं भांडण संपलं. मी खिडकीशी जाऊन ब्रश धुवायला लागलो. (टर्पेंटाइन संपत आलंय.) बऱ्याच वेळाने ती पाठमोरीच म्हणाली, "काळा रंग आहे का तुझ्याकडे?"

"अर्धा डबा."

"पुरेल?"

मी म्हटलं, आत्ताच तर तू म्हणालीस.

"मी काय म्हणाले ते मला माहितीये. पुरेल का ते सांग."

बायकांचं काही कळत नाही. पुरेल म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

रेघ झाली. सूत मारून, तीन ब्रशांची रुंदी. सोनेरीपेक्षा जाड. आयुष्यात एवढी चांगली रेघ काढली नव्हती. शेजारी नीट अक्षरांत "नदीपलीकडचा धूर" लिहायला घेतलं होतं, पण 'नदी'मधल्या 'दी'वरच रंग संपला. पुसून टाकलं ते. रेघ पुरे आहे. आंधळ्यालाही दिसेल.

२७ मार्च, गुरुवार

समारंभ झाला.

सकाळी टक्केसाहेब भिंतीपाशी आले आणि त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. मी परांचीच्या दांड्याला टेकून उभा होतो. म्हटलं, आता बोला टक्क्यात. पण तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. शेडमधल्या सगळ्या बायकांना निळ्या टोप्या घालून टाळ्या वाजवायला रांगेत उभं केलं होतं, त्यात ताई.

पाहुणे भिंतीसमोर थांबले. सोनेरी बघितली, हिरवी बघितली, मान डोलावली. मग म्हणाले, "आणि ही काळी?"

साहेबांनी एक क्षण घेतला. फक्त एक क्षण. मग म्हणाले, "सावली आहे सर. रेघेला उठाव येतो."

"वा," पाहुणे म्हणाले. "कलाकाराला दृष्टी आहे."

मी ओरडलो, ती सावली नाही, तिकडचा धूर आहे, तो बघा, मान वळवा जरा. पण कोणीतरी लाउडस्पीकर सुरू केला होता. माझे हात वर गेलेले बघून लोकांना वाटलं मी आभार मानतोय. टाळ्या पडल्या. मला कुंडी दिली. आत एक रोप, हिरव्या कागदात गुंडाळलेलं. ते रोप हातात घेऊन मी उभा, आणि पाहुण्यांच्या पाठीमागे नदीपलीकडे काळा लोट चढतोय. सगळ्यांना दिसत होता. न दिसण्यासारखं काही नव्हतंच. एवढ्या माणसांनी एका वेळी मान न वळवायची ठरवली की काय करणार? त्यांना चोर म्हणावं तर काही लपवलेलंसुद्धा नाही.

कुंडी फाटकाशी टाकून आलो. रखवालदारकाका ती उचलून पाणी घालत बसले.

मोजणीबाई गर्दीतून माझ्याकडे आल्या. "तू खरंच काढलीस," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "माझं धाडस झालं नसतं. म्हणून तर तुला दाखवली." मग त्यांनी नवऱ्याशी ओळख करून दिली. नवऱ्याने माझा हात धरून पुष्कळ वेळ हलवला. चांगला माणूस आहे.

उगाच केस कापले.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी साहेब स्वतः आले, तिसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. कोणावर ओरडले नाहीत. डबा जमिनीवर ठेवला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुझी बहीण आमच्या शेडमध्ये आहे ना? चांगलं काम आहे तिचं. उद्या वर्तमानपत्रवाले फोटो काढायला येतायत. त्याआधी ती सावली काढून टाक."

ताई तिथेच होती, आज तिची दुपारची पाळी. साहेब गेल्यावर आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत बसलो. ती म्हणाली, "पुसायची तर पूस. तुला कोणी नावं ठेवणार नाही." मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "माझ्यावर नको ढकलूस."

तेव्हापासून लिहितोय. लिहून झालं की उठायचं आणि भिंत पांढरी करायची, असं जवळजवळ ठरलंच आहे. दुसरं काय करू? रेघ सगळ्यांनी बघितली आणि कोणी वाचली नाही. तिच्यासाठी ताईचं काम घालवायचं? मी उद्या दुसऱ्या गावात पाट्या रंगवीन. डब्याचं झाकण उघडायला चमचा घेतलाय. रंग घट्ट आहे, टर्पेंटाइन लागणार आणि

थांबलो होतो. रखवालदारकाका वर आले. धापा टाकत.

"भिंतीला हात लावू नकोस," म्हणाले. "माणसं बघतायत."

"कोण?"

"तुझे भाऊजी. पुढच्या रस्त्याने आलेत, पुलावरून चालत. ड्रायव्हरने तिकडे सांगितलं ना, आपल्या धुराची रेघ काढलीय भिंतीवर म्हणून. समोर बसून वाचतायत."

मी म्हटलं, आज तर शुक्रवार. त्यांची पाळी असेल.

"सगळ्या पाळ्या आल्यात. एकूण एक माणूस. ती चहावालीसुद्धा."

मी खिडकीशी गेलो. नदीपलीकडचं पत्र्याचं छप्पर दिसलं. नळकांडं दिसलं. त्याच्यावर नुसतं आकाश होतं. भट्टीपाशी कोणीच नाही, म्हणजे आत्ता आतली काच बसत असेल. विटा तडकत असतील, आकडे घातलेल्या, एकेक. आणि तिकडून काच आली नाही तर ताई उद्या छापणार कशावर? मी मागे वळून तिला हे सांगणार होतो. तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

"एवढं दारापर्यंत आले आणि वर का नाही आले?" मी विचारलं.

खोलीतली एकुलती एक खुर्ची ताईने उचलली आहे आणि दाराशी उभी राहून ती मला म्हणतेय, लिहिणं बंद कर, त्यांना आता जिना चढवत नाही, हिचा दुसरा हात धर, आपल्याला ही खाली न्यायचीय.